दिवा लुकलुकण्याआधी

मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्या बहुतेक प्रत्येकाचा पहिला प्रोग्रॅम एकच असतो. एक छोटासा एलईडी एक सेकंद लावायचा, एक सेकंद विझवायचा, आणि हेच वीज असेपर्यंत करत राहायचे. प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा, समजायला पाच मिनिटे पुरतात. पण या क्षेत्रातल्या कोणाही जुन्या माणसाला विचारून बघा, की बाबा रे, तुझा पहिला दिवा लुकलुकायला किती वेळ लागला होता? पाच मिनिटे असे उत्तर सहसा येणार नाही. कोणी दोन दिवस सांगेल, कोणी दोन आठवडे. आणि काही जण असेही भेटतील, की ज्यांचा दिवा कधी लागलाच नाही. त्यांनी तो नाद सोडला आणि ते दुसरीकडे वळले.

मधला हा सगळा वेळ जात असे तो प्रोग्रॅम लिहिण्याआधीच्या तयारीत. ज्याला सगळे 'सेटअप' म्हणतात त्यात. चिपचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कोणत्या साली कोणती चिप आली, तिच्यात किती मेमरी होती, हे कुठेही मिळते. पण या तयारीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. मला मात्र वाटते, की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रात जी खरी उलथापालथ झाली ती चिपमुळे नव्हे, तर तयारी सोपी झाल्यामुळे. म्हणून आज हा विषय.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर मावलेला छोटा संगणक. वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिमोट, रिक्षाचा इलेक्ट्रॉनिक मीटर, सगळ्यांच्या पोटात तो बसलेला असतो. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. त्यामुळे त्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर लिहायचा आणि मग त्याच्यात नेऊन सोडायचा, असा मामला. आता आपला संगणक एक भाषा बोलतो आणि ही चिप दुसरीच. म्हणून असा कंपायलर हवा, जो चालेल आपल्या संगणकावर पण मजकूर तयार करील चिपच्या भाषेत. याला क्रॉस कंपायलर म्हणतात. त्याच्या जोडीला तुकडे जोडणारा लिंकर हवा. चिपमधल्या कोणत्या कप्प्याचा पत्ता काय, हे सांगणाऱ्या हेडर फाइली हव्यात. तयार झालेली हेक्स फाइल चिपमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम हवा, त्यासाठीची केबल हवी, आणि ती केबल ओळखणारा ड्रायव्हर हवा. अशी ही सात-आठ जणांची वरात. त्यातला एकजण जरी रुसला तरी लग्न लागत नाही, आणि नेमके कोण रुसले आहे हे नवख्याला कळत नाही!

गंमत अशी की फार पूर्वी ही भानगडच नव्हती. आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत ८०८५ चे किट असे. इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा. तो मायक्रोकंट्रोलर नव्हे, मायक्रोप्रोसेसर. पण आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांची मुळाक्षरे त्याच्यावरच गिरवली गेली. किटवर आकड्यांची आणि काही अक्षरांची बटणे, वर लाल आकडे दाखवणारी पट्टी. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा. मग पुस्तकामागच्या तक्त्यात एकेका आज्ञेचा संकेतांक शोधायचा. 'ए' रजिस्टरमध्ये पाच टाक असे म्हणायचे तर ३ई आणि ०५. थांब म्हणायचे तर ७६. उडी मारायची असेल तर कोणत्या पत्त्यावर, हे बोटांवर मोजायचे. मध्येच एक आज्ञा घालायची राहिली असेल तर पुढचे सगळे पत्ते सरकणार, म्हणजे पुन्हा खोडरबर! थोडक्यात, असेंब्लर आणि लिंकर यांचे काम विद्यार्थ्याचे डोके आणि पेन्सिल करत होती. सॉफ्टवेअर बसवायचा प्रश्नच नव्हता. वीज गेली की प्रोग्रॅमही गेला, आणि लोडशेडिंगच्या काळात ती जातच असे.

१९८० साली इंटेलने ८०५१ आणला. हा खरा मायक्रोकंट्रोलर, आणि पुढे आपल्या अभ्यासक्रमांत तो इतका रुजला की अजून पुरता हललेला नाही. त्याचा एक भाऊ होता ८७५१. त्याच्या डोक्यावर काचेची छोटी गोल खिडकी असे. प्रोग्रॅम एकदा 'बर्न' केला की तो पुसायला चिप उपटून अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांनी ती कोरी होणार. मग पुन्हा बर्नरमध्ये, मग पुन्हा सर्किटवर. उन्हाने चुकून पुसला जाऊ नये म्हणून एरवी खिडकीवर स्टिकर चिकटवायचा. या पद्धतीत एका चुकीची किंमत वीस मिनिटे होती. ज्याला घाई असे तो तीन-चार चिपा आळीपाळीने वापरत असे. चुकायला इतकी किंमत पडत असेल तर माणूस प्रयोग करत नाही, आधी दहादा विचार करतो. ही शिस्त चांगली की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण अशा परिस्थितीत हौशी माणूस टिकणार नाही, एवढे नक्की.

अ‍ॅटमेल कंपनीने १९९३ मध्ये ८०५१ चा फ्लॅश मेमरी असलेला अवतार काढला आणि ती काचेची खिडकी गेली. आता विजेनेच पुसायचे आणि विजेनेच लिहायचे. त्याच सुमारास नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठात आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान हे दोन विद्यार्थी एका नव्या मायक्रोकंट्रोलरचा आराखडा करत होते. तो त्यांनी अ‍ॅटमेलकडे नेला, आणि १९९७ पासून एव्हीआर या नावाने त्याच्या चिपा बाजारात आल्या. या आराखड्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चिपचा आज्ञासंच पक्का होण्याआधी त्यांनी तो स्वीडनच्या आयएआर या कंपनीतल्या कंपायलर लिहिणाऱ्या मंडळींना दाखवला, आणि त्यांच्या सूचनांप्रमाणे बदलला. तोपर्यंतची रीत अशी होती, की चिप करणाऱ्याने चिप करावी आणि मग तिच्यावर 'सी' भाषा कशीबशी बसवणे हे कंपायलरवाल्याचे नशीब. ८०५१ मध्ये बहुतेक हिशेब एकाच रजिस्टरमधून जातात आणि अंगची मेमरी १२८ बाइट. त्यामुळे 'सी'च्या कंपायलरला तिथे फार कसरत करावी लागते. एव्हीआरमध्ये बत्तीस रजिस्टरे होती आणि चिप 'सी'साठीच बेतलेली होती.

पण चांगला कंपायलर म्हणजे विकतचा कंपायलर. आयएआरचा काय किंवा ८०५१ वाल्यांचा लाडका काइल काय, हे कारखान्यांसाठी बनवलेले होते आणि किंमतही कारखान्यांना परवडेल अशीच होती. काइलची फुकट मिळणारी चाचणी आवृत्ती दोन किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्रॅम करू देत असे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तेवढे पुरते, त्यापुढे नाही.

इथे गोष्टीत एक वेगळाच धागा येतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने सर्वांना मुक्तपणे वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी एक पूर्ण प्रणाली लिहिण्याची घोषणा केली होती. त्या प्रकल्पातला कंपायलर, जीसीसी, १९८७ मध्ये आला. तो मोठ्या संगणकांसाठी होता. पण कोणालाही त्याला नवी भाषा शिकवायची मुभा होती. डेनिस चर्टिकोव नावाच्या एका गृहस्थाने त्याला एव्हीआरची भाषा शिकवली. मारेक मिखालकिएविचने 'सी'ची लायब्ररी एव्हीआरसाठी तयार करायला घेतली, आणि पुढे योर्ग वुन्श आणि इतरांनी ती वर्षानुवर्षे सांभाळली. ब्रायन डीनने चिपमध्ये प्रोग्रॅम उतरवणारे एक साधन आपल्या फ्रीबीएसडीच्या संगणकासाठी लिहिले. तेच पुढे एव्हीआरड्यूड या नावाने सगळीकडे गेले. विंडोजवाल्यांसाठी एरिक वेडिंग्टनने ही सगळी साधने एका इन्स्टॉलरमध्ये बांधून विनएव्हीआर नावाने वाटायला सुरुवात केली.

ही नावे मुद्दाम दिली. कारण आज जगात लाखो मुले एक बटण दाबून बोर्डवर प्रोग्रॅम चढवतात, तेव्हा पडद्यामागे राबत असतात ती याच मंडळींची साधने. आणि त्या लाखांतल्या फार थोड्यांनी ही नावे ऐकलेली असतील.

तर २००३ च्या आसपास चित्र असे होते. साधने फुकट होती, चांगली होती, आणि तरीही पहिला दिवा लावायला दोन दिवस लागत. कसे ते पाहू. विनएव्हीआर बसवायचे. मग 'मेकफाइल' नावाची एक फाइल लिहायची किंवा कुणाची तरी उचलून आणायची. त्यात चिपचे नाव, घड्याळाचा वेग, केबलचा प्रकार, पोर्टचे नाव भरायचे. त्या फाइलमध्ये एके ठिकाणी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, आणि दिसायला दोन्ही सारखेच! मग केबल. पैसे असतील तर विकतची, नसतील तर प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या कनेक्टरला चार-पाच वायरी आणि रेझिस्टर सोल्डर करून घरी केलेली. ती जुन्या डेस्कटॉपवर चाले. पण त्याच सुमारास नव्या लॅपटॉपवरून प्रिंटरचे पोर्ट नाहीसे व्हायला लागले होते, त्यामुळे केबल निर्दोष आणि लावायला भोक नाही, अशीही पाळी येई.

आणि सगळ्यात वर 'फ्यूज'. हा घरातला वितळणारा फ्यूज नव्हे. चिपने कोणत्या घड्याळावर चालायचे वगैरे मूलभूत गोष्टी ठरवणाऱ्या या काही बिट्स. त्यात शून्य म्हणजे 'हो' आणि एक म्हणजे 'नाही', म्हणजे नेहमीच्या समजुतीच्या बरोबर उलटे. चिपला सांगितले की बाहेरच्या क्रिस्टलवर चाल, आणि क्रिस्टल जोडलेलाच नसेल, तर चिप मुकी होते. केबलने हाका मारल्या तरी ओ देत नाही. नवख्याला वाटते चिप जळली. बऱ्याच चांगल्या चिपा अशा कचऱ्यात गेल्या असतील.

हे सगळे इंजिनियर लोक सोसत होते, कारण तो त्यांचा धंदा होता. शिवाय एक अहंकारही त्यात मिसळला होता. आम्ही हे पार केले आहे, तुम्हीही करा. सासूने सुनेला म्हणावे तसे. हा अहंकार मोडला तो इंजिनियरांनी नव्हे, तर डिझाइन शिकवणाऱ्यांनी.

उत्तर इटलीत तुरिनजवळ इव्रेया नावाचे गाव आहे. टाइपरायटरवाल्या ओलिव्हेट्टी कंपनीचे हे गाव. १९०८ साली कंपनी तिथेच निघाली. तिथे ओलिव्हेट्टी आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पैशातून २००१ मध्ये 'इंटरअ‍ॅक्शन डिझाइन'ची एक छोटी संस्था सुरू झाली. वस्तू आणि माणसे यांचे नाते कसे असावे, याचा अभ्यास करणारी. विद्यार्थी चित्रकार, डिझाइनर, आर्किटेक्ट. त्यांना हाताने शिवता येतील, हलतील, उजळतील अशा वस्तूंचे नमुने करायचे होते, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर हवा होता. मासिमो बान्झी हे तिथे शिकवत. तेव्हा अशा कामाला 'बेसिक स्टॅम्प' नावाचा अमेरिकी बोर्ड वापरत. १९९२ पासूनचा, वापरायला खरोखर सोपा, पण विद्यार्थ्यांच्या मानाने महाग. जोडसामानासकट शंभर डॉलरच्या घरात जाई. ताकदही बेताची. आणि डिझाइनर मंडळींचा जीव मॅकिंटॉशवर, तर या क्षेत्रातली साधने बहुतेक विंडोजवर चालणारी.

याच संस्थेत केसी रीस हेही शिकवत होते. त्यांनी आणि बेन फ्राय यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००१ साली 'प्रोसेसिंग' नावाची गोष्ट सुरू केली होती. चित्रकारांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून केलेले हे साधन. एक खिडकी, तिच्यात कोड लिहायचा, वर एक बटण. दाबले की चित्र दिसते. कोडच्या फाइलला ते 'स्केच' म्हणत, म्हणजे कच्चे रेखाटन. चुकले तर खोडावे, हे त्या नावातच आले. उतरवून घ्या, उघडा, चालवा. सेटअप जवळजवळ शून्य.

बान्झी आणि रीस यांच्या मार्गदर्शनाखाली कोलंबियातून आलेला एक विद्यार्थी पदव्युत्तर प्रबंध करत होता. त्याचे नाव एर्नान्दो बार्रागान. त्याने विचारले असावे, की पडद्यावरच्या चित्रासाठी जे जमले ते चिपसाठी का जमू नये? २००३-०४ मध्ये त्याने 'वायरिंग' तयार केले. एक बोर्ड, त्याच्यासाठी प्रोसेसिंगसारखीच एक खिडकी, आणि सोप्या नावांच्या आज्ञा. पिन बाहेर पाठवणारी की आत घेणारी हे सांगायला 'पिनमोड', तिच्यावर वीज चढवायला-उतरवायला 'डिजिटलराइट', थांबायला 'डिले'. सुरुवातीला एकदाच करायचे ते 'सेटअप'मध्ये, पुन्हा पुन्हा करायचे ते 'लूप'मध्ये. पडद्यामागे होता तोच जीसीसी आणि तीच एव्हीआरची लायब्ररी. मेकफाइल नाही, फ्यूज नाहीत, वेगळी केबलही नाही.

केबल कशी गेली हे समजून घेण्यासारखे आहे. चिपच्या फ्लॅश मेमरीच्या शेवटच्या टोकाला एक इवलासा प्रोग्रॅम कायमचा बसवून ठेवायचा, त्याला बूटलोडर म्हणतात. चिप रीसेट झाली की तो क्षणभर कान देऊन ऐकतो, सिरियल लाइनवरून नवा प्रोग्रॅम येतो आहे का? येत असेल तर तो घेऊन स्वतःच मेमरीत लिहितो. नसेल तर जुना प्रोग्रॅम सुरू करतो. म्हणजे 'बर्नर' चिपच्या आतच जाऊन बसला. युक्ती जुनीच, पण कारखान्यातून निघतानाच ती भरून, फ्यूज लावून बोर्ड हातात देणे, ही नवी गोष्ट होती. तयारीचा भार शिकणाऱ्याच्या डोक्यावरून उचलून बनवणाऱ्याच्या डोक्यावर गेला.

२००५ मध्ये बान्झी, दाविद कुआर्तिएयेस, डेव्हिड मेलिस, टॉम इगो आणि जान्लुका मार्तिनो यांनी वायरिंगच्याच पायावर स्वस्त एटमेगा८ चिपचा एक बोर्ड केला. वायरिंगमध्ये मोठी एटमेगा१२८ चिप होती. ही लहान, आणि पूर्ण बोर्ड साधारण तीस डॉलरला. नाव दिले आर्डुइनो. गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी बसत त्याचे नाव 'बार दी रे आर्डुइनो'. हा आर्डुइनो इव्रेयाचा. १००२ साली इटलीचा राजा झाला आणि दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने त्याला पदच्युत केले. हरलेल्या राजाचे नाव हजार वर्षांनी पुण्या-मुंबईच्या शाळांत मुलांच्या तोंडी यावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा!

नंतरही प्रत्येक अडथळा एकदम गेला नाही, एकेक करत गेला. सुरुवातीच्या बोर्डांवर प्रोग्रॅम चढवताना एक कसरत असे. आधी बोर्डवरचे रीसेटचे बटण दाबायचे आणि लगेच पडद्यावरचे. वेळ चुकली की बूटलोडरचे ऐकणे संपलेले, आणि 'प्रोग्रॅमर प्रतिसाद देत नाही' असा संदेश. २००७ च्या डिएचिमिला या बोर्डमध्ये संगणकच सिरियल लाइनवरून रीसेट देऊ लागला. नावाचा अर्थ दहा हजार. तितके बोर्ड तयार झाले म्हणून. २०१० मध्ये ऊनो आला. विंडोजवर साधने त्याच झिप फाइलमध्ये भरलेली असत. लिनक्सवाल्यांना मात्र सुरुवातीला कंपायलर वेगळा बसवावा लागे आणि पोर्ट वापरायची परवानगी स्वतःच स्वतःला द्यावी लागे. छोट्या छोट्या गोष्टी. पण प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी हात टेकून परत जात होते. अडथळा दूर झाला की तेवढी माणसे आत आली.

आता श्रेयाचा कडवट भाग. वायरिंग फारसे कोणाला आठवत नाही, आर्डुइनो सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये बार्रागानने आपली बाजू सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला लोक आर्डुइनोची भाषा आणि रीत म्हणतात ती त्याच्या प्रबंधातली आहे; आर्डुइनो ही वायरिंगचीच शाखा, आणि ती काढताना त्याला सोबत घेतले गेले नाही. कायद्याने यात काही वावगे नव्हते, कारण वायरिंग मुक्त परवान्याखाली होते आणि आर्डुइनोवाल्यांनी वायरिंगचा उल्लेखही केला आहे. पण तळटीपेतला उल्लेख वेगळा आणि माणसाला शेजारी बसवणे वेगळे. त्याच सुमारास आर्डुइनोचे संस्थापकही नावाच्या मालकीवरून आपसांत भांडत होते. दोन कंपन्या, दोन्ही म्हणणार आम्हीच आर्डुइनो. २०१६ च्या ऑक्टोबरात समेट झाला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालकॉम या चिपा बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. इव्रेयाची ती संस्था तर केव्हाच बंद झाली. अ‍ॅटमेललाही २०१६ मध्ये मायक्रोचिपने गिळले. विनएव्हीआरची शेवटची आवृत्ती २०१० ची.

मला वाटते, तयारी सोपी करणाऱ्याच्या नशिबी हे असतेच. दार जितके सहज उघडते तितके सुताराचे नाव लवकर विसरले जाते. मेकफाइलशी दोन दिवस झगडलेला माणूस निदान त्या फाइलच्या डोक्यावरची लेखकांची नावे तरी वाचत असे. बटण दाबणाऱ्याला तेवढेही दिसत नाही. यात बटण दाबणाऱ्याचा दोष नाही. म्हणूनच ही नावे मधूनमधून कुणीतरी उच्चारली पाहिजेत.

आपल्याकडे हे सगळे कसे पोहोचले? अस्सल बोर्ड इथल्या विद्यार्थ्याला महागच होता. पण आराखडा खुला, फक्त नावावर हक्क राखलेला. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तापकीर गल्लीत चिनी नकला अगदी स्वस्तात मिळू लागल्या. 'नक्कल' म्हणणेही बरोबर नाही, कारण परवान्याने ती मोकळीक दिलेलीच होती. त्यांच्यावर यूएसबीसाठी सीएच३४० ही स्वस्त चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागे. म्हणजे इव्रेयात काढलेला उंबरठा इथे थोडासा परत आला. स्वस्ताईची ती किंमत. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमातला फायरबर्ड रोबो एटमेगा२५६० या चिपवर चालत असे. आर्डुइनोच्या मेगा बोर्डवरही तीच चिप. एका वाटेने गेलेला मुलगा रजिस्टरे आणि त्यांचे बिट शिकला, दुसऱ्या वाटेने गेलेल्याने 'डिजिटलराइट' म्हटले आणि दिवा लावला. चिप एकच, दारे दोन.

यावरून आपल्या कॉलेजांत एक वाद कायम चालतो. जुने सर म्हणतात, या आर्डुइनोने मुले आळशी झाली. पिन कोणत्या पोर्टची, रजिस्टर कोणते, काही ठाऊक नाही. आयता कोड उचलायचा आणि प्रोजेक्ट दाखवायचे. यात तथ्य नाही असे नाही. 'डिजिटलराइट'ला रजिस्टरवर थेट लिहिण्यापेक्षा कित्येक पट वेळ लागतो, आणि हे का होते ते ठाऊक नसलेला इंजिनियर कारखान्यात अडणार. ज्याने कंपायलर, लिंकर, हेक्स फाइल या पायऱ्या स्वतः चढल्या आहेत त्याला काही बिघडले तर कुठे पाहायचे ते कळते. बटणवाल्याला फक्त लाल अक्षरे दिसतात.

पण दुसरी बाजू पाहा. आर्डुइनोच्या त्याच खिडकीत, त्याच फाइलमध्ये रजिस्टरवर थेट लिहिता येते. कोणी अडवत नाही, कारण मागे तोच जीसीसी आहे. आतल्या खोलीला कुलूप लावलेले नाही. फक्त आतल्या खोलीत जाण्याची सक्ती दारातच केलेली नाही, इतकेच. आणि जी माणसे पूर्वी उंबरठ्यावरूनच परत जात होती, त्यांची मोजदाद कोणत्या सरांनी ठेवली होती? मेकफाइलमध्ये टॅब कुठे आहे हे शोधण्याने इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही; त्याने फक्त चिकाटी आणि फुरसत यांची परीक्षा होते. फुरसत ही गोष्ट सगळ्यांकडे सारखी नसते. ज्याच्या घरी संगणक आहे आणि विचारायला मोठा भाऊ आहे, त्याला दोन दिवस म्हणजे काहीच नाही. ज्याला आठवड्यातून दोन तास कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन मिळते, त्याचे सत्रच संपते. तेव्हा सेटअपची अडचण सर्वांना सारखी नव्हतीच. मला या वादात हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

तयारी नाहीशी करण्याचे हे काम पुढेही चालूच राहिले. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने शाळकरी मुलांना वाटलेला मायक्रोबिट किंवा २०२१ चा रास्पबेरी पाय पिको संगणकाला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसतो. फाइल ओढून त्यात टाकली की झाले. पण आपल्या मुलांसाठी एक उंबरठा अजून आहे तिथेच आहे. कंपायलर रागावतो तो इंग्रजीत. अर्धविराम राहिला असे तो सांगत असतो, पण मराठी शाळेतल्या मुलाला ते वाक्य आधी लावावे लागते आणि मग चूक शोधावी लागते. हा उंबरठा इव्रेयाची मंडळी काढणार नव्हती; तो आपल्यालाच काढावा लागेल.

असो. पुढच्या वेळी एखाद्या पोराच्या टेबलावर एलईडी लुकलुकताना दिसला तर त्याला शाबासकी जरूर द्या. आणि तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तर हेही सांगा, की हा दिवा लावायला ट्रोन्डहाइम, इव्रेया आणि बोगोटाच्या देशातली बरीच माणसे आधी राबून गेली आहेत.